पाय फुटलेला दवाखाना

ऐका. आपल्या डोंगरात अजून सडक आली नव्हती आणि वाघसुद्धा माणसाला वाट सोडून बाजूला उभा राहायचा, त्या काळातली ही गोष्ट आहे. तेव्हा आपल्या तांबडपाड्यात झिपरी नावाची सुईण होती.

झिपरी दिसायला एवढीशी. आखूड लुगडं, गळ्यात पांढऱ्या मण्यांची माळ, आणि हात मात्र पळसाच्या पानाएवढे. त्या हातांवर आजूबाजूच्या नऊ पाड्यांतली पोरं जन्मली. असं म्हणतात की ती बाईच्या पोटावर हात ठेवायची आणि आतल्या बाळाशी बोलायची. दोन बोटांनी टकटक करून विचारायची, "उठलास का रे?" आणि बाळ आतून लाथ मारून हो म्हणायचं. एखादं आळशी असलं तर उत्तरच द्यायचं नाही. मग ती म्हणायची, "हा बापावर गेला," आणि बाहेर बसलेला बाप खाली मान घालायचा.

तिची आणखी एक गोष्ट सांगतात. बाळाच्या मागून जी वार पडते ती आपल्यात कुणी टाकून देत नाही. नव्या मडक्यात घालून आपल्याच जमिनीत पुरतात, म्हणजे पोर कुठंही गेलं तरी त्याला घरची ओढ राहते. तर झिपरीला कुणाची वार कुठं पुरलीय ते पाठ होतं. एकदा एक माणूस खाली मिठागरावर कामाला गेला आणि दोन वर्षं आलाच नाही. त्याची आई रडत झिपरीकडं आली. झिपरीनं त्याच्या अंगणात जाऊन त्या जागेवर पायाची टाच तीनदा आपटली. चौथ्या दिवशी तो माणूस दारात उभा. म्हणाला, "माझे पायच इकडं वळले, मी काय करू?" असं म्हणतात.

आता नदीच्या पल्याड सरकारनं एक दवाखाना बांधला होता. कारवीचा कूड, सागाचे खांब, वर गवताचं छप्पर. आत एक लोखंडी खाट आणि बाटल्यांचं कपाट. दवाखाना चांगला होता, पण तिथं कुणी जात नव्हतं. त्याला कारण होतं.

झिपरीची लेक चैती पहिल्या वेळी अडली होती तेव्हा तिला त्या दवाखान्यात नेली होती. तेव्हाचा डाक्तर वेगळा होता. त्यानं झिपरीला दाराबाहेर बसवली, चैतीला उंच खाटेवर निजवली, रडली म्हणून तिच्यावर ओरडला. बाळ मेलेलंच आलं. ते तर नशिबाचं झालं, पण बाळ आणि वार दोन्ही झाडूवाल्यानं कुठं नेऊन टाकलं ते चैतीला कुणी सांगितलं नाही. चैती किती दिवस नदीच्या काठानं शोधत फिरत होती. त्यानंतर आपल्या नऊ पाड्यांतल्या एकाही बाईनं त्या दवाखान्याची पायरी चढली नाही.

तो डाक्तर गेला आणि दुसरा आला. पोरगेलासा, डोळ्यांवर जाड चष्मा. त्याचं खरं नाव आता कुणालाच आठवत नाही. लोक त्याला काचडोळ्या म्हणायचे. काचडोळ्या सात महिने दारात बसून राहिला. पेशंट एकच, एक कोंबडी. ती रोज छपरावर चढायची आणि पडायची. त्यानं तिच्या पायाला पट्टी बांधली तर ती तिथंच राहिली, छपराच्या गवतात घर करून.

इकडं चैतीला परत दिवस गेले.

सगळा पाडा आनंदला, पण झिपरीचं तोंड उतरलं. वैशाखात, चैतीला सातवा सरत आला तेव्हा, झिपरीनं तिच्या पोटावर हात ठेवला. बाळ आडवं होतं. डोकं एका कुशीला, पाय दुसऱ्या कुशीला. झिपरीनं तेल लावून हळूहळू वळवलं. दुसऱ्या दिवशी परत आडवं. तीनदा वळवलं, तीनदा आडवं. तिनं टकटक करून विचारलं, "असा का निजलास रे?" तर आतून काही उत्तर आलं नाही. झिपरीनं हात पोटावरून काढून घेतले. दुसऱ्याच्या पोरीला धीर द्यायला सोपं असतं. आपलं लेकरू असलं की हात आपले राहत नाहीत.

ती चैतीला म्हणाली, "बाय, या वेळी माझ्या एकटीच्यानं व्हायचं नाय. पल्याडच्या डाक्तराला घ्यायला लागेल."

चैती म्हणाली, "मी मरेन, पण तिथं नाय जायची."

"अगो, हा डाक्तर निराळा आहे."

"खाट तीच आहे ना?"

झिपरी उठली. लेक दवाखान्यात जात नाही तर नाही. मग दवाखाना असा झाला पाहिजे की लेक आपल्या पायानं आत जाईल. असं मनाशी धरून ती निघाली आणि नदी ओलांडून काचडोळ्याच्या दारात जाऊन बसली.

काचडोळ्याला एवढा आनंद झाला की त्यानं उभ्या उभ्या विचारलं, "आजी, काय दुखतंय?"

"मला काय दुखत नाय. तू त्या खाटेवर नीज."

"मी?"

"तूच. नीज उताणा. पाय वर घे. अजून वर. लाजतो कशाला, मी नऊ पाड्यांचं बघितलंय."

काचडोळ्या निजला. पाय वर घेतले. चष्मा कपाळावर गेला.

"आता जोर लाव," झिपरी म्हणाली.

त्यानं दात दाबले, तोंड लाल केलं, हात इकडं तिकडं फिरवले. खाट करकरली. शेवटी तो म्हणाला, "आजी, जोर लावू कसा? हाताला धरायला काही नाही, पायाला टेकायला काही नाही. मी आपला छपराकडं बघतोय आणि पडेन की काय याची भीती वाटतेय."

"हां," झिपरी म्हणाली. "आणि वर तुझ्या आयसला बाहेर बसवली, आणि एक अनोळखी माणूस तुझ्यावर ओरडतोय."

छपरावरची कोंबडी तेवढ्यात ओरडली. काचडोळ्या खाटेवरून उतरला आणि जमिनीवर, झिपरीच्या समोर बसला. चष्मा पुसला. आणि म्हणाला, "मग दवाखाना कसा पाहिजे?"

असं म्हणतात की आपल्या डोंगरात ते तोवर कुठल्याच साहेबानं विचारलं नव्हतं. तो प्रश्न ऐकून घराघरात खुंटीला टांगलेले तारपे कुणी न फुंकता घुमले. काय झालं म्हणून माणसं अंगणात आली.

झिपरीनं त्याला दाराकडं बोट दाखवलं. म्हणाली, "मला एकटीला काय विचारतो? मला काय सगळ्यांची दुखणी होतात? घरोघर जा, विचार."

काचडोळ्या तेरा दिवस फिरला. नऊ पाडे, एकही घर सोडलं नाही. जिथं जाईल तिथं आधी लोक हसायचे, मग नाचणीची भाकर द्यायचे, मग सांगायचे. एक जण म्हणाला, आत चूल पाहिजे, बाळंतिणीला शेक लागतो. एक जण म्हणाला, वरच्या वाशाला दोर पाहिजे, आमच्या बाया दोराला धरून उकिडव्या बसतात. कुणी म्हणालं, सासू, आई, नणंद, सगळ्यांना बसायला जागा पाहिजे. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "मला बिडी ओढायला दगड पाहिजे, सावलीतला." काचडोळ्यानं तेही लिहून घेतलं. आणि एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. तो निघाला तेव्हा मागून म्हणाली, "ओरडू नका. एवढंच."

लाडक्या भगत मात्र रागावला होता. तांदळाचे दाणे टाकून दुखणं ओळखणारा मोठा भगत होता तो. म्हणाला, "माझ्या घरी कशाला आलास? तू सुई टोचणार, मी काय माशा मारू?"

काचडोळ्या म्हणाला, "बाबा, माझ्याकडं सात महिन्यांत एक कोंबडी आली. तुमच्याकडं माणसं येतात. माशा तर मीच मारतोय."

भगत हसायला नको म्हणून मिशी दाबून बसला, पण हसू बाहेर आलंच. मग दोघांत ठरलं. दवाखान्याच्या दारात भगताची चटई. आधी तो दाणे टाकणार, माणसाच्या मनातली भीती काढणार. पण रक्त जात असेल, अंग फणफणलं असेल, लेकरू निळं पडलं असेल, तर दाणे हातात असतील तसे ठेवून त्यानंच ओरडायचं, "आत!"

सगळ्यात शेवटी काचडोळ्या चैतीच्या दारात आला. चैती पाठ करून बसली होती. तो बाहेरच अंगणात बसला. सकाळचं ऊन डोक्यावर आलं तरी बसून होता. तेव्हा चैतीनं पाठीमागं न बघता विचारलं, "माझ्या बाळाची वार कुठं जाईल?"

त्याला काही कळलं नाही. मग झिपरीनं त्याला पहिल्या बाळाची गोष्ट सांगितली. असं म्हणतात की काचडोळ्यानं चष्मा काढला तेव्हा काचा आतल्या बाजूनं ओल्या झाल्या होत्या. तो म्हणाला, "ताई, वार तुमच्या हातात देईन. नव्या मडक्यात."

"आणि पुरू कुठं? पल्याडच्या मातीत? ती माती माझी नाय."

ही गोष्ट खरी होती. दवाखाना नदीच्या पल्याड, वार पुरायची माती नदीच्या अल्याड, आणि आषाढात चैतीचे दिवस भरणार तेव्हा मध्ये नदी अशी फुगणार की होडीसुद्धा टिकणार नाही. काचडोळ्यानं सरकारला कागद पाठवला की दवाखाना अल्याड हलवायची परवानगी द्या. कागद गेला तो गेलाच. जेठ लागला, ढग दिसायला लागले. काचडोळ्या रोज वाटेकडं बघायचा.

झिपरी म्हणाली, "घर हलवायला कागद कशाला लागतो?"

तुम्हाला माहीतच आहे, आपल्यात कुणी घर दुसरीकडं नेलं की छप्पर मोडत नाहीत. कूड सोडवतात, आणि सगळा पाडा आत शिरून अख्खं छप्पर खांद्यावर उचलतो. पण हे छप्पर मोठं होतं. चार घरांचं मिळून एक. त्याला एक पाडा पुरणार नव्हता. म्हणून झिपरी नऊ पाड्यांत फिरली. प्रत्येक दारात एवढंच म्हणाली, "तू माझ्या हातावर जन्मलास. उद्या खांदा घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस मोजवेना. म्हातारे आले, नवी लग्नं झालेले आले, पोटुशा बाया सावलीत बसून हुरूप द्यायला आल्या. सगळे छपराखाली शिरले. झिपरी पुढं उभी राहिली आणि म्हणाली, "उचला!"

आणि छप्पर उठलं. वरून गवत, खालून नुसते पायच पाय. दवाखान्याला पाय फुटले! तारपेवाला पुढं, त्याच्या मागं छप्पर, छपराच्या मागं काचडोळ्या डोक्यावर बाटल्यांची टोपली घेऊन. लाडक्या भगतानं लोखंडी खाट एकट्यानं डोक्यावर घेतली होती आणि म्हणत होता, "बघा, हिच्यावर कुणी निजत नाय तर मीच हिला नेतोय."

नदीपाशी आले तर पाणी कमरेएवढं. असं म्हणतात की झिपरीनं नदीत टाच आपटली आणि म्हणाली, "बाय, तुझ्या काठावरच्या लेकी बाळंत व्हायच्यात, जरा सर." नदी सरली. खेकडे बाजूला झाले, मासे दगडाखाली शिरले, आणि घोट्याएवढ्या पाण्यातून दवाखाना चालत अल्याड आला. सगळ्यांत नवल म्हणजे ती कोंबडी. छपराच्या गवतात ती अंड्यांवर बसलेली होती. सगळ्या वाटेत ती उठली नाही. छप्पर खाली टेकलं, नव्या खांबांवर बसलं, आणि अकरा पिल्लं चिवचिवत वळचणीला आली. काचडोळ्या म्हणाला, "ही दवाखान्यातली पहिली बाळंतीण." नऊ पाडे हसले. तो हसण्याचा आवाज अजून पावसाळ्याआधी त्या खिंडीत घुमतो म्हणतात. मी ऐकलाय, वारा असेल, पण मी ऐकलाय.

मग सगळ्यांनी मिळून आतलं केलं. चूल झाली. वाशाला दोर बांधला. बायांनी जमीन सारवली आणि भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौकोनी नक्षीचा चौक काढला. दारात भगताची चटई, जांभळीच्या सावलीत म्हाताऱ्याचा दगड. लोखंडी खाटेचं काय करायचं? झिपरी म्हणाली, "राहू दे. डाक्तराला निजायला लागेल."

आणि आषाढात, भर दुपारी, चैतीच्या कळा सुरू झाल्या.

नदी दोन्ही काठ खाऊन चालली होती. चैती घरातून निघाली ती आपल्या पायानं. दवाखान्याच्या दारात भगतानं दाणे हातात घेतले होते. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि दाणे टाकलेच नाहीत. ओरडला, "आत!"

बाळ आडवंच होतं.

आता पुढचं ऐका, कारण आपल्याकडं हेच सगळ्यात जपून सांगतात. झिपरीचे हात आणि काचडोळ्याचे कान, दोघांनी मिळून ते बाळ वळवलं. झिपरी पोटावर तेल लावून वळवायची, काचडोळ्या नळी लावून बाळाचं काळीज ऐकायचा. काळीज मंद झालं की म्हणायचा, "थांबा आजी." झिपरी थांबायची. परत ठोके नीट पडले की म्हणायचा, "आता." झिपरी परत वळवायची. घोटभर पाणी प्यायलाही कुणी उठलं नाही. एकदा झिपरीचे हात मध्येच थांबले. ती म्हणाली, "माझी लेक आहे रे." काचडोळ्यानं आपले हात तिच्या हातांवर ठेवले. मग चार हातांनी वळवलं. आणि आतून लाथ बसली, अशी की दोघांचेही हात उडाले. झिपरी रडत हसली, "उठलास का रे!"

डोकं खाली आलं. चैती दोराला धरून उकिडवी बसली. चैतीनं दोर असा ओढला की सगळं छप्पर करकरलं, आणि तिनं काचडोळ्याला, त्याच्या आईला, सरकारला आणि नवऱ्याला एका दमात शिव्या दिल्या. कुणी तिच्यावर ओरडलं नाही. मुलगी झाली. ती रडली तेव्हा वळचणीची अकरा पिल्लं तिच्याबरोबर ओरडली.

रक्त मात्र थांबेना. झिपरीला ठाऊक होतं ते आणि तिच्याकडं त्याला झाडपाला होता, पण एवढ्याला तो पुरला नसता. काचडोळ्यानं सुई टोचली, पोटावर मूठ दाबून धरली. रक्त थांबलं. चैतीच्या गालाला रंग आला. म्हणून आपल्याकडं कुणी म्हणत नाही की चैतीला झिपरीनं वाचवली, आणि कुणी म्हणत नाही की डाक्तरानं वाचवली. "दवाखान्यानं वाचवली" म्हणतात.

काचडोळ्यानं दोन्ही हातांनी नवं मडकं चैतीपुढं धरलं. चैतीनं आत बघितलं, वरून फडकं बांधलं, आणि सव्वा महिन्यानं नाही, त्याच दिवशी, नवऱ्याच्या खांद्याला धरून दवाखान्याच्या अंगणात गेली. सगळे नको नको म्हणत होते. वार कुठं पुरायची ते दुसऱ्या कुणी ठरवलेलं तिला चालणार नव्हतं. तिनं जागा दाखवली. मग पहिल्या बाळाच्या नावानं मूठभर माती त्याच खड्ड्यात टाकली, आणि त्या दिवसापासून तिचं नदीकाठानं फिरणं थांबलं. त्या जागेवर उंबर उगवला.

दसऱ्यानंतर एक मोठा साहेब घोड्यावरून दवाखाना तपासायला आला. पल्याड बघतो तर चार खड्डे आणि एक केरसुणी. वाटेवर एक बाई लाकडं घेऊन चालली होती. तिला विचारलं, "दवाखाना कुठं गेला?"

"चालत गेला, साहेब. अल्याड."

साहेब चिडून नदी ओलांडून आला. पण त्याला बसायच्या जागी गळू झालं होतं. तो ओरडायला तोंड उघडणार तेवढ्यात भगतानं त्याचं चालणं बघितलं आणि म्हणाला, "आत!" साहेब बाहेर आला तो हसत आला. त्यानं परवानगीच्या कागदावर सही केली, उभ्यानंच.

झिपरीचं पुढं काय झालं? झिपरी मेली असं आपल्याकडं म्हणत नाहीत. ती एकदा डोंगरापलीकडं कुणाचं तरी बाळंतपण करायला गेली, आणि ते बाळ अजून आलेलं नाही. आलं की ती परत येईल.

आता दवाखाना स्लॅबचा आहे. लाइट आहे, फ्रिज आहे, पोरांचं वजन करायचा काटा आहे. स्लॅबला वासे नसतात, तरी मधोमध एक लोखंडी कडी आहे आणि कडीला दोर आहे. बाजूला चूल आहे. उंबराभोवतीची जागा एरवी कुणी खणत नाही, तिथं फक्त मडकी पुरतात. माझ्या लेकाचंही तिथंच आहे, ओट्याकडच्या बाजूला, तिसरं.

आणि नवा डाक्तर आला, बाप्या असो की बाई, की नऊ पाडे जमतात. ती जुनी खाट बाहेर काढतात. डाक्तराला उताणं निजवतात, पाय वर घ्यायला लावतात, आणि सगळ्यांत म्हातारी बाई म्हणते, "आता जोर लाव." मोठमोठे शिकलेले लाल होतात. पोरं हसून लोळतात. मग डाक्तर उठून जमिनीवर बसतो आणि झिपरीच्या नावानं तोच प्रश्न विचारतो, आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरतो.

यंदा डाक्तरबाई आल्या. माझ्या दारात आल्या तेव्हा लेक कडेवर होता. त्यांनी विचारलं, "दवाखाना कसा पाहिजे?" मी लेकाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हटलं, लेकराचं अंग जरा गरम लागलं की मी पळत येते. पुष्कळदा काहीच नसतं. तेव्हा हसू नका.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आणि दवाखान्याच्या भिंतीवर, चौकाच्या बाजूला, जिथं घरोघरची जुनी उत्तरं रंगवलेली आहेत, तिथं "ओरडू नका" याच्या खाली आता लिहिलंय, "काही नसलं तरी या."